काही सुचेनासं होतं तेव्हा तुम्ही हाताने नेमकं काय करता?

निळी शाई | १२ जुलै, रात्री ९:४०

दिवाळी अंकांच्या संपादकांचे फोन सुरू झालेत. जुलैअखेर, फार तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कथा त्यांच्या हातात हवी असते, कारण पुढे चित्रं, जुळणी, मुद्रितशोधन, जाहिराती अशी सगळी रांग उभी असते. एरवी या सुमाराला माझ्याकडे एखाद-दुसरा कच्चा खर्डा तयार असतो. यंदा पहिल्या परिच्छेदापुढे काहीच सरकत नाहीये. लिहिते, वाचते, खोडते.

विषय नाहीत अशातला भाग नाही. वहीत यादी आहे: खाडीवरचा पूल, सासूबाईंची पेन्शन, पटसंख्या घटल्याने बंद होणारी वाडीतली शाळा. पण कुठलाही हातात घेतला की हे आधी कुणीतरी लिहून ठेवलंय, आपण त्यात नवीन काय घालणार, असं वाटतं आणि पेन थांबतं.

या धाग्यावर मला प्रोत्साहन नकोय, कृती हवी आहे. इथे गाणारे आहेत, चित्र काढणारे आहेत, एकांकिका बसवणारे आहेत. अडल्यावर तुम्ही काय करता? पहिली दहा मिनिटं कशी जातात, इतक्या बारकाईने सांगा. 'वाट बघ, येईल आपोआप' हे कृपया नको.

तिहाई | १२ जुलै, रात्री १०:२५

मी खयाल शिकते, त्यामुळे माझ्यापुरतं सांगते. गाताना सुचेनासं झालं म्हणून थांबायची सोय नसते. तंबोरा वाजत असतो, तबलजी ठेका धरून बसलेला असतो. अशा वेळी आम्ही मुखड्यावर येतो. बंदिशीची पहिली ओळ, जी झोपेतही म्हणता येईल, ती उचलायची आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं. विलंबित एकतालात एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, अर्धा-पाऊण मिनिट, कधी त्याहूनही लांब चालतं. मुखडा म्हणून होईपर्यंत श्वास जागेवर येतो आणि पुढच्या आवर्तनाची दिशा दिसायला लागते. ऐकणाऱ्याला त्यात काही उणं वाटत नाही, उलट मुखडा आला की तो मान डोलावतो. ज्या ओळीकडे कधीही परत जाता येईल अशी एक ओळ आपल्याकडे असणं ही फार मोठी सोय आहे. लेखनात ती काय असेल ते तुम्ही शोधा.

हे झालं अडल्या क्षणाचं. रियाजात मात्र सुचण्याची वाटच बघत नाहीत. तीन स्वर घ्यायचे, समजा यमनातले नि, रे, ग. त्यांच्या जुळण्या सहाच होतात: निरेग, निगरे, रेनिग, रेगनि, गनिरे, गरेनि. सहाही म्हणायच्या, आवडो न आवडो. चार स्वरांच्या चोवीस होतात, सातांच्या ५०४०. याला खंडमेरू किंवा मेरुखंड म्हणतात, भेंडीबाजार घराण्यात याच्यावर फार भर असतो. यातल्या पुष्कळ जुळण्या रागात चालत नाहीत. यमनच्या चलनाला, म्हणजे त्याच्या स्वरांच्या ठरलेल्या चालीला, न शोभणारी जुळणी प्रत्यक्ष गाण्यात येणारच नाही. पण ती गळ्यातून गेलेली असते. आणि कधीतरी मैफलीत, कुणी विचार न करता, त्यांतली एखादी अशी उमटते की समोरचा 'क्या बात है' म्हणतो.

मला यातून एवढंच कळलंय की जुळण्या करणं आणि जुळणी निवडणं ही दोन वेगवेगळ्या वेळची कामं आहेत. तुम्ही पहिला परिच्छेद लिहिता लिहिताच त्याची निवड करायला बसता, म्हणून तो पुढे सरकत नसावा.

घाटमाथा | १२ जुलै, रात्री १०:५०

तिहाई, +१. शेवटचा परिच्छेद उतरवून घेतला.

उंबरा | १३ जुलै, सकाळी ७:१५

'जात्यावर बसलं की ओवी सुचते' असं आपण सहज म्हणतो. पण जात्यावरच्या ओव्या खरोखर ऐकल्या तर ते कसं घडतं हे दिसतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. आता त्यांतल्या कितीतरी 'परी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मी कामासाठी त्या पुष्कळ ऐकल्या आहेत.

सुरुवात बहुधा ठरलेली असते. 'पहिली माझी ओवी' एका देवाला, 'दुसरी माझी ओवी' दुसऱ्याला, असं मोजत मोजत बाई दळायला लागते. या मोजणीच्या ओव्यांमध्ये काही नवीन आणायची जबाबदारी तिच्यावर नसते. तोवर जातं वेग धरतं, गळा मोकळा होतो, समोर बसलेली जोडीदारीण ओळ उचलते. मग भाऊ येतो, सासर येतं, दुष्काळ येतो, बाबासाहेब येतात. पाचव्या-सहाव्या ओवीनंतर काय येईल हे तिलाही आधी माहीत नसतं.

दुसरं, भरीचे शब्द. 'सांगते बाई तुला', 'गं बाई' असे तुकडे ओळीच्या मध्ये किंवा शेवटी येतात. कागदावर वाचताना ते फालतू वाटतात. ऐकताना कळतं की तेवढ्या वेळात ती पुढचा चरण जुळवते आहे. शिवाय एकच ओळ दोनदा-तीनदा म्हणायची मुभा आहे. हात मात्र थांबत नाही, कारण सकाळच्या भाकरीचं पीठ व्हायचं असतं.

बहिणाबाईंचंही तेच. लिहिता-वाचता न येणारी बाई शेतात आणि घरात काम करताना गात राहिली, मुलाने आणि नातलगांनी ते टिपून ठेवलं म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, ते पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत पोचलं.

निळी शाई, मी रोजचं लिखाण तीन ठरलेल्या ओळींनी सुरू करते. एक हवेवर, एक घरातल्या आवाजावर, एक टेबलावरच्या कुठल्याही वस्तूवर. त्या ओळी चांगल्या असाव्यात अशी अटच नाही. चौथ्या ओळीपासून काम सुरू होतं. तुमची 'पहिली माझी ओवी' कोणती ते ठरवून टाका आणि महिनाभर ती बदलू नका.

मोगरा | १३ जुलै, सकाळी ८:०५

थोडा वेगळा सूर लावतोय. मी कविता करतो. कवितेच्या बाबतीत अशी जबरदस्ती मला मान्य नाही. भात शिजत असताना सारखं झाकण काढून बघू नये. ओढून-ताणून आणलेली ओळ दहा वर्षांनीही ओढलेलीच दिसते. न सुचण्याचा काळ हाही लिहिण्याचाच भाग आहे, त्याला आजारासारखं वागवू नये.

अपूर्णांक | १३ जुलै, सकाळी ९:३०

मोगरा, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण आधी तांदूळ पडलेला असावा लागतो. गणितातला याचा सर्वांत गाजलेला दाखला फ्रेंच गणितज्ञ आँरी प्वांकारेचा. फुक्सीय फलनं नावाच्या एका गणिती प्रकारावर तो पंधरा दिवस रोज टेबलाशी बसून झगडत होता, तेही अशी फलनं असूच शकत नाहीत हे सिद्ध करायला. एका रात्री सवय नसताना काळी कॉफी प्यायला, झोप लागेना, आणि सकाळपर्यंत अशा फलनांचा एक वर्ग अस्तित्वात असल्याचं त्याला सापडलं. नंतर एका सहलीत, कूतांस गावी, बसच्या पायरीवर पाय ठेवताना पुढचा दुवा सुचला: या फलनांमागची रूपांतरणं अयुक्लिडीय, म्हणजे शाळेतल्या भूमितीहून वेगळ्या भूमितीतलीच आहेत. तो बसमध्ये चढला, गप्पा पुढे चालू ठेवल्या, आणि घरी परतल्यावर सगळं तपासून घेतलं. १९०८ मध्ये पॅरिसमधल्या व्याख्यानात त्याने हे स्वतःच सांगितलं. त्याचं म्हणणं असं होतं की अशी अचानक सुचणारी गोष्ट येते ती आधीच्या, वाया गेल्यासारख्या वाटणाऱ्या दिवसांच्या कष्टांमागून.

पुढे ग्रॅहम वॉलस याने १९२६ साली चार टप्पे मांडले: तयारी, मुरणं, उमगणं, पडताळा. लोक दुसरा आणि तिसरा टप्पा तेवढा लक्षात ठेवतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी विचारतो, गणित सोडून फिरायला जाण्याआधी किती कागद भरलेस ते दाखव.

मोगरा | १३ जुलै, सकाळी ९:५५

हे पटलं. मीही कविता सोडून देतो तेव्हा तिच्या मागच्या पानांवर बरंच खरडलेलं असतं. ते मी आजवर कामात धरत नव्हतो.

प्रयोगवही | १३ जुलै, दुपारी १:२०

कॉलेजच्या एकांकिकांचं सांगतो. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालत आली आहे, आणि पावसाळा आला की प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर हाच प्रश्न असतो: विषय काय घ्यायचा? पंधरा-वीस जण गोल करून बसतात. ज्याचा आवाज मोठा तो बोलतो, सीनियर मान हलवतो, बाकीच्यांच्या डोक्यातलं डोक्यातच राहतं. चहाच्या फेऱ्या होतात, विषय मिळत नाही.

गटाने बसून भराभर कल्पना बोलायच्या, टीका करायची नाही, ही पद्धत अलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकी जाहिरातवाल्याने लोकप्रिय केली. येल विद्यापीठात १९५८ साली ती तपासली गेली. एकीकडे चौघांचा गट, दुसरीकडे एकेकटे बसलेले चौघे, ज्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या. एकेकट्यांच्या कल्पना संख्येने कितीतरी जास्त भरल्या. १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबं या संशोधकांनी त्याचं मुख्य कारण दाखवलं: गटात एका वेळी एकालाच बोलता येतं आणि आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांचं सुचलेलं विरून जातं.

म्हणून आमच्याकडे आता पहिला अर्धा तास कुणीही बोलत नाही. प्रत्येकाने चिठ्ठ्या लिहायच्या. एका ढिगात ठिकाणं, दुसऱ्यात माणसं, तिसऱ्यात अडचणी. मग तिन्हीकडून एकेक उचलायची. एकदा निघालं: 'एसटी स्टँडचा चौकशी कक्ष', 'लग्नाचे फोटो काढणारा', 'खोटं नाव सांगितलंय'. दोघांना उभं केलं आणि पाच मिनिटं नुसतं बोलायला लावलं. चौकशी कक्षातली बाई त्याला विचारते, 'तुमचं नाव अनाउन्स करू का?' आणि तो गप्प. त्या गप्प बसण्यातून आमची पूर्ण संहिता निघाली. नुसत्या चर्चेतून ती निघाली नसती, कारण अनाउन्समेंटचा मुद्दा कुणाच्याच डोक्यात नव्हता. माईक समोर दिसला म्हणून ती बोलून गेली.

लेखकाने एकट्याने करायचं असेल तर चिठ्ठ्या आदल्या दिवशी लिहून ठेवाव्यात. लगेच उचलल्या तर आपण कुठली कशाशी जोडायची हे मनात ठरवून टाकतो.

कातळ | १३ जुलै, संध्याकाळी ६:४०

वरचे उपाय चांगले आहेत, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तो जरा ठासून मांडतो. बऱ्याचदा सुचत नाही कारण आपल्याला माहीत नसतं. तंत्राने ते भरून निघत नाही.

माझ्या कादंबरीत दूध संकलन केंद्रावरचा एक प्रसंग होता. आठवडेच्या आठवडे तो पुढे जाईना. संवाद लिहून बघितले, पात्र बदलून बघितलं, सगळं पोकळ. शेवटी पहाटे उठून गावच्या केंद्रावर जाऊन उभा राहिलो. कॅन येतो, दूध ढवळून लहान भांड्यात नमुना घेतात, यंत्राला लावतात, काही सेकंदांत फॅट आणि एसएनएफचे (फॅट सोडून दुधातल्या बाकीच्या घन पदार्थांचे) आकडे दिसतात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून दर ठरतो, त्याखाली पॉइंट घसरला की दरही घसरतो. रांगेतलं कुणीही आपल्या कॅनकडे बघत नव्हतं, सगळ्यांची नजर त्या आकड्यांवर. एका म्हातारीला आकडे वाचता येत नव्हते. ती संकलन करणाऱ्या पोराच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याने स्लिप हातात दिली आणि नेहमीसारखं 'घ्या मावशी' न म्हणता नुसतीच दिली, तेवढ्यावरून तिला कळलं.

हे मला घरी बसून शंभर चिठ्ठ्या उचलून सुचलं नसतं. निळी शाई, तुमच्या यादीतल्या तिन्ही विषयांवर मला विचारायचंय: पेन्शन कुठल्या तारखेला येते, हयातीचा दाखला कोण देतं, शाळा बंद झाली की पोषण आहाराची भांडी कुठे जातात, पूल धोकादायक ठरवला की त्यावर पहिला फलक कोण लावतं? या प्रश्नांची उत्तरं शोधायला निघालात तर 'आधी कुणीतरी लिहिलंय' ही भीती राहणार नाही. ती भीती विषय लांबून बघितल्यावर वाटते. लांबून सगळे पूल सारखेच दिसतात.

तिहाई | १३ जुलै, रात्री ८:१०

कातळ, म्हातारीचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. पण माहितीचाही ढीग होतो. माझी एक मैत्रीण संशोधन करत राहते आणि लिहायला बसतच नाही.

कातळ | १३ जुलै, रात्री ८:३५

होतं तसं. त्यासाठी मी जाताना एकच प्रश्न घेऊन जातो आणि परतल्यावर त्याच दिवशी लिहितो. वही उघडल्याशिवाय जेवत नाही.

गेरू | १३ जुलै, रात्री १०:००

मी पोस्टर आणि मुखपृष्ठं करते. कागदावर पोस्टकार्डाच्या पाव आकाराच्या चौकटी आखायच्या, तीस. हातात जाड मार्कर घ्यायचा, बारीक पेन नाही. जाड मार्करने तपशील काढताच येत नाही, त्यामुळे फक्त कुठे काळं, कुठे पांढरं, कुठे अक्षर, एवढंच ठरतं. एका चौकटीला एखादं मिनिट.

पहिल्या सात-आठ चौकटींत जे येतं ते कुणालाही सुचलं असतं. पावसाच्या कवितासंग्रहाला छत्री, खिडकी, थेंब, कागदी होडी. ते काढून टाकावंच लागतं, डोक्यात ठेवलं तर ते वाट अडवून बसतं. बाराव्या-तेराव्याला हात जड होतो, आता संपलं असं ठामपणे वाटतं. इथेच बहुतेक जण उठतात. मी उठत नाही. पंधराच्या पुढे चौकटी विचित्र व्हायला लागतात आणि त्या विचित्रांत एखादी जिवंत असते. त्याच पावसाच्या पुस्तकाला शेवटी मी दोरीवर न वाळलेल्या कपड्यांच्या रांगा काढल्या, नुसते काळे आडवे पट्टे.

ब्रायन लुकस आणि लोरन नॉर्डग्रेन यांचं २०२० मधलं संशोधन मला म्हणूनच फार जवळचं वाटतं. काम करत राहिलं तसतशी आपली कल्पकता उतरत जाणार असं लोक गृहीत धरतात, प्रत्यक्षात ती तशी उतरत नाही, टिकून राहते किंवा वाढते. 'आता संपलं' ही भावना विश्वास ठेवण्याजोगी नाही.

कथेला हे कसं लावायचं? पहिला परिच्छेद खोडत बसण्याऐवजी पहिलं वाक्य तीस वेळा, तीस तऱ्हेने लिहा. परिच्छेद नको, फक्त वाक्य.

निळी शाई | १४ जुलै, पहाटे ५:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री गेरूताईंचं करून बघितलं. तीस झाली नाहीत, पण पुलावरच्या वाक्यांमध्ये शेवटी शेवटी 'पूल गेला' एवढंच उरलं आणि ते मला आवडलं. आणखी काही असेल तर लिहीत राहा. कातळ, तुमच्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर माझ्याकडे नाही, आणि त्यामुळेच मला हुरूप आलाय.

पायवाट | १४ जुलै, सकाळी ७:४५

चालणं. स्टॅनफर्ड विद्यापीठात ओपेझो आणि श्वॉर्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बसून विचार करणाऱ्यांपेक्षा चालताना कल्पना सरासरी साठ टक्क्यांच्या आसपास जास्त निघाल्या. बाहेरची झाडं-पानं बघून असं झालं म्हणावं तर कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. मात्र ज्या कोड्याला एकच बरोबर उत्तर असतं, त्यात चालण्याने थोडं नुकसानच झालं. म्हणून मी सुचवायला चालतो आणि तपासायला बसतो. फोन घरी. खिशात रेल्वेच्या जुन्या आरक्षण अर्जाएवढा कागद आणि पेन्सिल.

सावली | १४ जुलै, सकाळी १०:३०

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे, म्हणून एक वेगळी गोष्ट इथे असायला हवी असं वाटतं. फक्त लिखाण अडलंय आणि बाकी दिवस नीट चाललाय, तर वरचं सगळं करून बघावं. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप बिघडली आहे, भूक नाही, पूर्वी आवडणारं काहीच आवडत नाही, माणसांत जावंसं वाटत नाही, असं असेल तर तो प्रश्न लिखाणाचा राहत नाही. तेव्हा स्वतःला आणखी शिस्त लावत बसू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. कलावंतांमध्ये 'दुःखातूनच चांगलं येतं' असा एक समज रुजलेला आहे, त्यापायी लोक उपचार टाळतात. उपचार घेतल्यावर पुन्हा लिहायला लागलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत.

निळी शाई | १४ जुलै, सकाळी ११:०५

सावलीताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. माझं तसं नाही, पण हा धागा वाचणाऱ्या कुणाचं तरी असेल.

फळा | १४ जुलै, रात्री ९:१५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतो. उशिरा लिहितोय, पण माझ्याकडे एक उपाय आहे जो वर आलेला नाही: स्वतःवर एक अट घाला, आणि ती विषयाची नको, भाषेची घाला.

जुन्या काळी समस्यापूर्ती असायची. शेवटचा चरण दुसऱ्याने द्यायचा आणि कवीने त्यावर पूर्ण श्लोक उभा करायचा. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबातही समोरच्याने घातलेल्या कोड्यातच आपल्याला उत्तर द्यावं लागतं. फ्रान्समध्ये जॉर्ज पेरेकने १९६९ साली त्यांच्या भाषेतलं सर्वांत जास्त लागणारं अक्षर न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. मोकळं रान दिलं की मन बावचळतं, कुंपण घातलं की ते फट शोधायला लागतं.

माझी अट व्यवसायातून आली. पहिलीच्या मुलांना सुरुवातीला जोडाक्षरं वाचता येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी गोष्ट जोडाक्षराशिवाय लिहावी लागते. सोपं वाटतं ना? लिहून बघा. 'म्हणाला' गेला, 'बोलला' वापरा. 'नव्हता' गेला, म्हणजे भूतकाळातला नकार अवघड झाला. 'त्याने', 'तिच्या', 'माझ्या' सगळे गेले, म्हणून सारखं माणसाचं नावच घ्यावं लागतं. 'आल्या', 'गेल्या' नाहीत, म्हणून बायका घोळक्याने येत नाहीत, एकेकटी येते. 'केल्यावर', 'झाल्यावर' नाही, म्हणून वाक्य लांबवता येत नाही, एक गोष्ट झाली, टिंब, मग दुसरी. 'रस्ता' नाही, 'वाट' आहे. 'मृत्यू' नाही, 'मरण' आहे. 'प्रेम' नाही, 'माया' आहे. 'स्मृती', 'अस्वस्थ', 'अस्तित्व', 'व्याकुळ' हे आपल्या कथांमधले नेहमीचे पाहुणे दारातच अडतात. उरतं ते घर, पाऊस, भाकरी, हात, पाणी. मोठ्यांच्या कथेलाही हे बाधत नाही. मी स्वतःसाठी लिहितो तेव्हाही पहिला खर्डा असाच काढतो, आणि मग दुसऱ्या खर्ड्यात अट सोडून देतो.

निळी शाई, 'पूल गेला' यात जोडाक्षर नाही. तिथूनच चाला.

प्रयोगवही | १४ जुलै, रात्री ९:५०

हे भन्नाट आहे. 'क्ष', 'ज्ञ' धरायचे का जोडाक्षरात? आणि 'वर्ग'सारखे रफारवाले?

फळा | १४ जुलै, रात्री १०:००

हो, क्ष, ज्ञ, त्र, श्र सगळे जोडाक्षरच. रफारही. अनुस्वार चालतो. 'कृ', 'गृ' चालतात, तो स्वर आहे, पण पहिलीच्या पोरांसाठी मी तेही टाळतो.

निळी शाई | १५ जुलै, रात्री ११:२०

फळा सर, आज संध्याकाळी बसले. आधी उंबराताईंच्या तीन ओळी (हवा, आवाज, वस्तू), मग तुमची अट. हे आलं:

'सकाळी सहाला आजी दार उघडते. अंगणात पाणी साचलेलं. गाय उभीच. शेजारचा सुरेश धावत येतो. "आजी, पूल गेला!" आजी काही बोलत नाही. आत जाते. कपाटातून पासबुक काढते. पिशवीत घालते. पदर खोचते. "सुरेश, होडी कुणाची आहे रे गावात?"'

पुढे दोन पानं झाली आहेत. पासबुक कुठून आलं ते मला माहीत नाही. यादीतली पेन्शन आणि पूल आपणहून एकत्र आले. मी एरवी इथे आजीच्या मनात काय चाललंय ते चार ओळी लिहिलं असतं, पण त्यासाठी लागणारे शब्दच अटीत बसेनात, म्हणून तिला कपाटाकडे पाठवावं लागलं.

मोगरा | १५ जुलै, रात्री ११:४०

'गाय उभीच' फार सुंदर. हे पुढच्या खर्ड्यात हलवू नका.

गेरू | १६ जुलै, सकाळी ६:३०

संपादकांनी चित्रासाठी विचारलं तर मला कळवा. पिशवी आणि पदर, चेहरा नको.

तिहाई | १६ जुलै, सकाळी ७:०५

आणि अडलात तर 'होडी कुणाची आहे रे गावात' याच्याकडे परत या. हा मुखडा आहे. ती हाच प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांना विचारू शकते.

कातळ | १६ जुलै, सकाळी ९:१०

लिहीत राहा, पण पुढच्या पानाआधी दोन गोष्टी बघून घ्या. बँकेची शाखा पुलाच्या पलीकडे आहे का, आणि पूल गेल्यावर गावात कुणी बँक मित्र म्हणजे यंत्र घेऊन अंगठ्यावर पैसे देणारा आहे का? असेल तर आजीला होडीची गरज राहत नाही, मग ती तरीही का जाते हे शोधावं लागेल, आणि कथा तिथेच असेल. दुसरं, खाडीतल्या प्रवासी होड्यांचा परवाना महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे असतो, आणि पावसाळ्यात तर बंद ठेवायची वेळ येते. होडीवाला 'नाही' म्हणेल. तुमच्या जवळच्या तरीवर, होड्या सुटतात तिथे, जाऊन एखाद्या होडीवाल्याला विचारा, भर पावसात म्हातारं माणूस आलं आणि पलीकडे सोड म्हणालं तर तो काय करतो.

निळी शाई | १६ जुलै, सकाळी ९:२५

शनिवारी भरतीची वेळ बघून जातेय.